अंकल जॅमची भरती, आणि मी न ऐकलेली दुसरी बाजू

सिनॉप्सिस कसा लिहायचा यावर मी इतकं लिहिलंय की आता येणारे मेल एकाच धर्तीचे असतात. 'दादा, चांगल्याची उदाहरणं देता, एखादा फसलेला दाखवा की.' मागणी रास्त आहे. दुसऱ्याचा दाखवणं बरं नाही, म्हणून माझाच दाखवतो. आरआरसीपुढे जाण्याआधीचा माझा पहिला मसुदा चौदा पानांचा होता आणि त्यातली अकरा पानं एका अल्बमच्या कव्हरवर होती. अल्बमवर नव्हे, कव्हरवर.

अल्बम आहे फंकाडेलिक या अमेरिकन बँडचा 'अंकल जॅम वाँट्स यू'. सप्टेंबर १९७९, वॉर्नर ब्रदर्स. बँडचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन. हा माणूस न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्ड गावात केशकर्तनालय चालवायचा आणि तिथेच त्याचा गाणाऱ्या पोरांचा कंपू जमला. पुढे सत्तरच्या दशकात त्याने एकाच ताफ्यातून दोन बँड चालवले, पार्लमेंट आणि फंकाडेलिक. नावं दोन, रेकॉर्ड कंपन्या दोन, वाजवणारे बरेचसे तेच. हिशेबाच्या भाषेत काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

फंक म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेम्स ब्राऊनने साठच्या दशकात सोल संगीतातली सुरावट मागे ढकलली आणि ताल पुढे आणला. गिटार, ब्रास, बास, सगळी वाद्यं ढोलासारखी वाजायला लागली, आणि सगळ्यांनी मिळून जोर द्यायचा तो चारातल्या पहिल्या मात्रेवर. फंकवाले तिला नुसतं 'द वन' म्हणतात. आपल्याकडे ज्याने तबल्याची सम ऐकलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ही पहिली मात्रा लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

आता कव्हर. अल्बमचं नाव घेतलंय अमेरिकन सैन्यभरतीच्या त्या जगप्रसिद्ध पोस्टरवरून. जेम्स माँटगोमेरी फ्लॅग या चित्रकाराने पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ते सैन्यासाठी केलं. उंच टोपी, पांढरी दाढी, आणि थेट तुमच्याकडे रोखलेलं बोट. अंकल सॅमला तुम्ही हवे आहात. सॅमच्या जागी जॅम आला, म्हणजे सगळ्यांनी मिळून रंगवलेली वाजवण्याची बैठक, की झाला अल्बमचा मथळा.

पण कव्हरवर बोट रोखणारा म्हातारा नाहीच. तिथे जॉर्ज क्लिंटन मोराच्या पिसाऱ्यासारखी पाठ असलेल्या वेताच्या खुर्चीत बसलाय. ही खुर्ची अमेरिकेतल्या कुठल्याही कृष्णवर्णीय माणसाने १९७९ साली क्षणात ओळखली असती. ब्लॅक पँथर पार्टीचा संस्थापक ह्यूई न्यूटन याचा १९६७ चा फोटो आहे. तशाच खुर्चीत, एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात भाला, डोक्यावर काळी बेरे टोपी. फोटोची मांडणी एल्ड्रिज क्लीव्हरने केली होती. त्याचं पोस्टर झालं आणि घराघरांत लागलं. म्हणजे अल्बमचं नाव सरकारच्या पोस्टरवरून, चित्र त्या सरकारशी भिडलेल्या संघटनेच्या पोस्टरवरून. दोन्ही पोस्टरं भरतीचीच.

हे मला सापडलं (मला म्हणजे काय, हजारो जणांना आधीच सापडलेलं होतं) तेव्हा मी हवेत होतो. लगेच अल्थ्युसर आणला. पोलीस रस्त्यात 'ए!' म्हणून हाक मारतो, आपण वळून बघतो, आणि वळलो त्या क्षणी व्यवस्थेचे होतो, हे त्याचं १९७० च्या निबंधातलं म्हणणं. भरतीचं पोस्टर म्हणजे अशीच हाक. क्लिंटन ती हाक उलटवतो. म्हणून हा अल्बम म्हणजे प्रतिकार. अकरा पानं. टिपा वेगळ्या.

गाईड मॅडमनी मसुदा परत दिला तेव्हा समासात एकच ओळ होती: 'दुसरी बाजू ऐकलीस का?'

मला वाटलं दुसरी बाजू म्हणजे विरुद्ध मत. मी दोन दिवस विरुद्ध मत मांडणारे लेख शोधत बसलो. मॅडमना म्हणायचं होतं रेकॉर्डची दुसरी बाजू.

हसू नका. आपण सगळे मोबाईलवर ऐकतो, तिथे बाजू नसतात, गाण्यांची एक यादी असते. १९७९ मध्ये हा अल्बम घेणाऱ्याने एक तबकडी घेतली होती. वीसेक मिनिटं झाली की उठायचं, ती उलटायची, सुई पुन्हा ठेवायची. कुठलं गाणं कुठल्या बाजूला, हा निर्णय कोणीतरी विचार करून घेतलेला असतो. आणि या अल्बमच्या पहिल्या बाजूवर सैन्य, भरती, झेंडा यांतलं काहीही नाही. दोनच गाणी आहेत, 'फ्रीक ऑफ द वीक' आणि '(नॉट जस्ट) नी डीप'. दुसरं पंधरा मिनिटांचं. एक नाचणारी मुलगी, तिच्यावर भाळलेला गाणारा, बस. कव्हरवरच्या प्रतिकाराचा त्यात मागमूस नाही. आणि अल्बम गाजला तो याच गाण्यावर. आर अँड बीच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, सर्वसाधारण पॉपच्या यादीत ७७ च्या वर सरकलं नाही. (हे क्रमांक सिंगलचे आहेत, ज्यात गाणं कापून लहान केलंय. यादीतल्या क्रमांकावर लिहीत असाल तर पंधरा मिनिटांच्या गाण्यावर लिहू नका, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ही चूक मी केली नाही, पण फक्त तोपर्यंत पोचलो नव्हतो म्हणून.)

'नी डीप'वर मी इथे फार लिहिणार नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. एवढंच सांगतो की त्यात ज्युनी मॉरिसनचा मोठा हात आहे, तो ओहायो प्लेयर्समधून आलेला. आणि मोकळ्या गळ्याने शेवटपर्यंत गाणं उधळत नेणारा फिलिपे विन आहे, तो स्पिनर्समधून आलेला. दुसऱ्यांच्या पलटणीतली माणसं फोडून आणण्यात क्लिंटन वाकबगार होता. भरती हा शब्द त्याला शोभतो तो असा.

आता तबकडी उलटा.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'अंकल जॅम', दहा मिनिटांचं. इथे पहिल्यांदा कव्हरचा विषय आवाजात येतो. कवायतीचा ढंग, हुकूम सोडल्यासारखं बोलणं, त्याला जमावाचं उत्तर. फौजेचं उद्दिष्ट सांगितलं जातं, आणि ते आहे नाचाच्या संगीताला मरगळीतून सोडवणं. शत्रू म्हणजे कंटाळा. यानंतर 'फील्ड मनूव्हर्स', अडीच मिनिटांचा गिटारचा तुकडा, नाव लष्करी आणि बाकी भरताड. मग 'हॉली वाँट्स टू गो टू कॅलिफोर्निया', पियानोवरचं संथ गाणं, ज्याचा फौजेशी संबंध शून्य. शेवटी 'फूट सोल्जर्स', म्हणजे पायदळाचे शिपाई, आणि पुन्हा मार्चचा ठेका. हिशेब केलात तर लष्करी विषय अल्बमच्या जेमतेम एक तृतीयांश वेळात आहे. माझी अकरा पानं संपूर्ण अल्बमला तो विषय चिकटवून मोकळी झाली होती. चित्रावर लिहिणं सोपं असतं हो. चित्र थांबतं, त्याच्याकडे बोट दाखवता येतं. गाणं पुढे जातं आणि तुमच्या वहीत 'जोरदार ठेका' एवढंच उरतं.

तेव्हा मी दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. कितव्यांदा ते आठवत नाही, पण एकदा ऐकताना पाय हलत होता आणि मला कॉलेजचं एनसीसी आठवलं. कदमताल. 'बाएं, दाएं, बाएं'. डावा पाय जमिनीवर पडतो तो पहिल्या मात्रेवर. म्हणजे मार्चचा जोर 'एक'वर, फंकचा जोरही 'एक'वर! कवायत आणि फंक एकाच समेवर येतात. फरक आहे तो दोन समांच्या मधल्या जागेत. कवायतीत मध्ये काही नसतं, असायचंच नसतं. पाय आणि पाय. फंकमध्ये सगळी गंमत त्या मधल्या जागेत असते. बास एका फटीत, कीबोर्ड दुसरीत, टाळ्या तिसरीत. सम पाळायची, पण समेपर्यंत प्रत्येकाने आपल्या वाटेने यायचं. 'अंकल जॅम' ऐकताना तुम्हाला कवायतीच्या सांगाड्यात हा मधला भाग भरत जाताना ऐकू येतो. हुकूम येतो, उत्तर येतं, पण उत्तर देणारे सरळ उभे नाहीत, हे कानाला कळतं.

इथे मला पहिल्यांदा काहीतरी सापडलं असं वाटलं, आणि ते कव्हरवर नव्हतं.

मग मी उलटा प्रश्न विचारला. कवायतीची ही हाक आणि प्रतिसाद आली कुठून? अमेरिकन सैन्यात धावताना-चालताना जे म्हणतात, एकाने ओळ टाकायची आणि तुकडीने झेलायची, ते फार जुनं नाही. १९४४ साली न्यूयॉर्कमधल्या फोर्ट स्लोकम इथे विली डकवर्थ नावाच्या शिपायाने दमलेल्या तुकडीला चालतं ठेवण्यासाठी अशी एक रचना केली. ती 'साउंड ऑफ' या नावाने प्रसिद्ध आहे. डकवर्थ कृष्णवर्णीय होता. तेव्हा अमेरिकन सैन्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. हा भेद मिटवण्याचा ट्रूमनचा आदेश निघाला १९४८ ला. एकाने हाक घालायची आणि बाकीच्यांनी झेलायची ही रीत मळ्यांमधून, रेल्वेच्या रुळांवरून, चर्चमधून आलेली, कृष्णवर्णीय लोकांच्या कामाची आणि प्रार्थनेची. सैन्याने तिची वर्दी शिवली.

आता हे समजल्यावर 'क्लिंटन सैन्याचं विडंबन करतो' हे माझं वाक्य डळमळलं. लिंडा हचन यांनी १९८५ च्या 'अ थिअरी ऑफ पॅरडी'मध्ये विडंबनाची जी व्याख्या केलीय ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पेटच्या तयारीत भेटली असेल. विडंबन म्हणजे अंतर राखून केलेली पुनरुक्ती, नक्कल पण फरकासकट, आणि त्यात खिल्ली असलीच पाहिजे असं नाही. छान व्याख्या आहे, मी आजही वापरतो. पण ती धरून चालायची म्हणजे आधी मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे ठरवावं लागतं. इथे सैन्याची कवायत हीच आधी एक नक्कल आहे. क्लिंटन तिची नक्कल करतो तेव्हा तो परक्याची वस्तू उचलत नाही, घरातली उसनी गेलेली वस्तू परत आणतो. रंग उडालेला, जरा ताठ झालेली. तिला पुन्हा कमरेतून हलायला लावतो. माझ्या मते या दहा मिनिटांचं मोठेपण इथे आहे, आणि ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

संदर्भाचं वजनही ध्यानात घ्या. व्हिएतनाम युद्धानंतर १९७३ मध्ये अमेरिकेने सक्तीची सैन्यभरती बंद केली. त्यानंतर सैन्याला माणसं हुकमाने मिळेनात, त्यांना आकर्षित करावं लागलं. रोखलेल्या बोटाची जाहिरात झाली. आणि नोकऱ्या नसलेल्या वस्त्यांमध्ये ती जाहिरात लागू पडली. सत्तरचं दशक संपेपर्यंत भूदलातल्या शिपाई-हुद्द्यांवर जवळपास एक तृतीयांश माणसं कृष्णवर्णीय होती. लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे हा अल्बम विकत घेणाऱ्या पोरापुढे दोन अंकल खरोखरच उभे होते. एक पगार देणारा, दुसरा नाचायला बोलावणारा. याच बँडने १९७२ मध्ये, युद्ध चालू असताना, 'अमेरिका ईट्स इट्स यंग' काढला होता. त्याच्या कव्हरवर डॉलरची नोट आणि तिच्यावर लेकरं खाणारी स्वातंत्र्यदेवता. तिथे राग आहे. १९७९ मध्ये चेष्टा आहे. राग ओसरला म्हणून चेष्टा, की राग पोचत नाही हे कळलं म्हणून चेष्टा? मला दुसरं वाटतं. आदल्याच वर्षीच्या 'वन नेशन अंडर अ ग्रूव्ह'मध्ये झेंडा रोवणारी टोळी आणि राष्ट्रनिष्ठेच्या शपथेची थट्टा आहे, तिथूनच हा सूर लागलेला.

इथवर मी खूश होतो. नवा मसुदा लिहिला आणि विभागातल्या एका मैत्रिणीला वाचायला दिला. तिचं काम दलित साहित्यावर आहे. तिचे वडील तरुणपणी पँथरमध्ये होते, मुंबईत. आपल्याकडची दलित पँथर १९७२ मध्ये स्थापन झाली, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही मंडळी, आणि नाव सरळ अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. तिने मसुदा वाचून एकच विचारलं.

"कवायतीचं पटलं. पण खुर्चीचं काय?"

मी म्हणालो, खुर्ची पण विडंबनच की.

"कोणाचं? सैन्याचं विडंबन सैन्यावर जातं. खुर्चीचं कोणावर जातं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने जे सांगितलं ते मी घरी येऊन ताडून पाहिलं आणि अकरा पानं लिहिताना ही एक गोष्ट कशी वाचली नाही याची लाज वाटली. न्यूटन १९६७ च्या अखेरीस तुरुंगात गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये ओकलंडला त्याच्या सुटकेसाठी मोठी सभा झाली, तिथे व्यासपीठावर ती वेताची खुर्ची ठेवली होती. रिकामी. ज्याच्या जागी ती होती तो गजाआड होता. म्हणजे क्लिंटन बसला ती नुसती 'प्रसिद्ध फोटोतली खुर्ची' नव्हे. ती रिकामी ठेवून लोकांनी एका माणसाची वाट पाहिली होती. त्यानंतरच्या वर्षी शिकागोत फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी पहाटे घरात शिरून मारलं, तो २१ वर्षांचा होता. एफबीआयने संघटना आतून पोखरली. १९७९ पर्यंत तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं. तीन वर्षांनी ती संपलीच. न्यूटन त्या दिवसांत काय करत होता? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँता क्रूझ इथे पीएचडी. १९८० मध्ये त्याला पदवी मिळाली, विषय होता अमेरिकेतलं दमन आणि पँथरविरुद्धचं युद्ध. ज्या वर्षी त्याच्या खुर्चीचा विनोद दुकानात आला, तेव्हा तो माणूस बहुधा तुमच्या-माझ्यासारखाच प्रकरणं लिहीत बसला असेल. ही कल्पना माझ्या डोक्यातून जात नाही.

मैत्रिणीच्या वडिलांच्या वेळी पँथरच्या शाखेला 'छावणी' म्हणत. तिच्या आधी बाबासाहेबांच्या काळातलं समता सैनिक दल होतंच, गणवेश आणि कवायतीसकट. ज्यांना ताठ उभं राहायची मनाई होती त्यांनी कवायत केली, तर त्या कवायतीचा अर्थ राज्याच्या कवायतीहून वेगळा असतो. ब्लॅक पँथरच्या बेरे टोप्या, कातडी जाकिटं, न्यूटनचं 'संरक्षणमंत्री' हे पद, हे सगळं त्याच जातीचं. आणि इथेही माणसं गेली. जानेवारी १९७४ मध्ये मुंबईत पँथरच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. तिच्या घरात ते नाव मोठ्याने घेतलं जातं. तेव्हा 'सगळ्या वर्द्यांची सारखीच थट्टा' हे माझं वाक्य तिला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. हा अल्बम सैन्याच्या बाबतीत जे करतो ते संगीतात करून दाखवतो. दहा मिनिटं कवायत घेतो, तिची गाठ सोडवतो, पुन्हा बांधतो. पँथरच्या बाबतीत तो फक्त फोटो काढतो. तबकडीच्या दोन्ही बाजूंवर असं काहीही नाही ज्याने त्या खुर्चीत बसण्याचा हक्क कमावलाय असं मला म्हणता येईल. एक चित्र आहे, ओळखीचं, झकास, विकणारं. आणि गंमत म्हणजे फंकाडेलिकच्या कव्हरांवर सत्तरच्या दशकात बहुतेक वेळा पेड्रो बेल या चित्रकाराची ठासून भरलेली, अश्लील, विक्षिप्त चित्रं असत. त्यांत एखादी वस्तू दहा अर्थांनी वळवलेली असते. या वेळी बेलचं काम आतल्या आणि मागच्या बाजूला गेलं आणि समोर गुळगुळीत फोटो आला. मला तर वाटतं बेलने ती खुर्ची काढली असती तर तिचं काहीतरी झालं असतं.

उलट बाजूने काय म्हणता येईल तेही मांडतो, कारण व्हायव्हात कोणीतरी विचारणारच. पँथरकडे स्वतःचा बँड होता, द लंपेन, १९७० च्या सुमारास. लोकांच्या तोंडची सोल गाणी घेऊन त्यांत क्रांतीचे शब्द बसवायचे, ही त्यांची पद्धत. आपल्या आंबेडकरी जलशांची आठवण होते. रिकी व्हिन्सेंट यांनी त्यांच्यावर 'पार्टी म्युझिक' नावाचं चांगलं पुस्तक लिहिलंय, जरूर वाचा. लंपेनची गाणी संघटनेबरोबर मावळली. फंकाडेलिकची वाजत राहिली. मग चळवळीची ती प्रतिमा पुढच्या पिढीपर्यंत नेली कोणी? लॉस एंजेलिसमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डीजेंच्या एका गटाने स्वतःचं नावच 'अंकल जॅम्स आर्मी' ठेवलं आणि मोठमोठे हॉल भरवले. १९८९ मध्ये डी ला सोलने 'नी डीप'चा तुकडा घेऊन 'मी मायसेल्फ अँड आय' केलं, मग डॉक्टर ड्रेच्या 'द क्रॉनिक'वरही तो पोचला. अनेक पोरांनी खुर्ची आधी क्लिंटनच्या कव्हरवर पाहिली आणि मग विचारलं, ही कुणाची? हा युक्तिवाद मी मैत्रिणीपुढे ठेवला. ती म्हणाली, "विचारलं किती जणांनी?" हे मोजायचं कसं, हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवलाय.

अजून एक अडचण, तिच्यावरून लोक पटकन पुढे जातात. नाचाच्या संगीताला मरगळीतून सोडवायचं म्हणजे कोणापासून? १९७९ मध्ये ऐकणाऱ्याला उत्तर ठाऊक होतं, डिस्कोपासून. अल्बम येण्याच्या दोनच महिने आधी, १२ जुलैला, शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवला गेला आणि जमाव मैदानात घुसला. त्या रागात डिस्कोच्या काळ्या, समलिंगी श्रोत्यांबद्दलचा द्वेष मिसळलेला होता, असं तेव्हापासून आजवर अनेकांनी लिहिलंय. क्लिंटनचा राग वेगळा होता. त्याला डिस्को फंकची पातळ केलेली आवृत्ती वाटायची, आणि पार्लमेंटच्या १९७७ च्या अल्बमपासून तो हे म्हणत होता. पण युद्धाची भाषा एकदा काढली की आपल्या शेजारी कोण उभं राहतं यावर आपला ताबा राहत नाही. आणि त्यातही मजा अशी की ज्या गाण्याने या फौजेला जिंकून दिलं ते पंधरा मिनिटांचं 'नी डीप' डिस्कोच्या तळावर कोणी लावलं असतं तर लोक थांबले नसते, नाचतच राहिले असते.

तर माझ्या सिनॉप्सिसचं झालं असं. जुना प्रश्न होता, 'या अल्बममध्ये प्रतिकार कसा व्यक्त होतो?' या प्रश्नाला 'होत नाही' हे उत्तर शक्यच नव्हतं, तो तसाच बांधलेला होता. तुमचा प्रश्न असा आहे का, एकदा तपासून बघा. नवा प्रश्न आहे, 'एकाच अल्बममध्ये दोन वर्द्यांची नक्कल आहे, तर एक आवाजात का उतरते आणि दुसरी चित्रातच का राहते?' याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. दुसरं प्रकरण त्याच्यावरच अडलंय. मॅडमनी या वेळी समासात दोन ओळी लिहिल्या, त्यातली एक प्रमाणलेखनाबद्दल होती.

मैत्रिणीने मध्यंतरी वडिलांना 'नी डीप' ऐकवलं. पूर्ण पंधरा मिनिटं ऐकलं म्हणे, बोटांनी टेबलावर ठेका धरून. मग कव्हर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा बसलाय तो कोण?" तिने सांगितलं, गाणारा. ते म्हणाले, "बसू दे. पण फोटोखाली त्याचं नाव लिहायला पाहिजे होतं, ज्याची खुर्ची आहे त्याचं."

पुढच्या वेळी दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा भाग टाकेन. तोवर ज्यांना ऐकायचंय त्यांनी अल्बमचं चित्र झाकून आधी दुसरी बाजू लावा, 'अंकल जॅम'पासून. पाय कुठल्या मात्रेवर पडतो ते मला कळवा.